कोंबड्या शहाण्या झाल्या

एप्रिल १९३४. लंडनच्या पार्लमेंटात रस्ते वाहतूक विधेयकावर चर्चा चालू होती. वस्तीतून जाणाऱ्या मोटारींना ताशी ३० मैलांची मर्यादा घालावी आणि नव्या चालकांची परीक्षा घ्यावी, असा सरकारचा बेत होता. रस्त्यावर वर्षाला सात हजारांवर माणसं मरत होती आणि त्यांतली जवळजवळ निम्मी पायी चालणारी होती. विरोध करायला कर्नल मूर-ब्रॅबझन उभे राहिले. असामी साधी नव्हे. ब्रिटनमधला विमानचालकाचा पहिला परवाना त्यांच्या नावावर, मोटारींच्या शर्यती जिंकलेल्या त्या वेगळ्याच. या आकड्यांनी घाबरून जायचं कारण नाही, असं त्यांनी सभागृहाला समजावलं. वर्षाला सहा हजारांवर लोक आत्महत्या करतात, त्याबद्दल कुणी ओरड करतं का? पूर्वी लांबचा फेरफटका मारून आलं की गाडीच्या रेडिएटरमध्ये कोंबड्यांची पिसं अडकलेली सापडायची. आता कोंबड्या मरत नाहीत, त्या शहाण्या झाल्या. कुत्रीही बाजूला व्हायला शिकली. हेही असंच आपोआप मार्गी लागेल.

सभागृहाने त्यांचं ऐकलं नाही, विधेयक मंजूर झालं. पण त्या भाषणाकडे एका श्रीमंत मोटारवाल्याचा वात्रटपणा म्हणून पाहून चालणार नाही. गाड्या वाढल्या की माणसं मरणारच, आणि मरणं थांबायचं तर मरणाऱ्यांनीच शिकलं पाहिजे, हा त्या काळातल्या भल्याभल्यांचा समज होता. तो मोडायला ब्रिटनला आणखी पन्नास वर्षं लागली.

या कहाणीतला पहिला मृत्यू १७ ऑगस्ट १८९६चा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक कंपनी लोकांना मोटारीतून चक्कर मारून आणत होती. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई मुलीबरोबर तिथे आली होती. समोरून मोटार येताना पाहून ती जागच्या जागी थिजली. गाडीचा वेग ताशी चारेक मैल, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याएवढा होता, असं चालकाचं म्हणणं. काही साक्षीदारांच्या मते तो बराच जास्त होता. ज्यूरीने अपघाती मृत्यूचा निर्वाळा दिला. असा प्रकार पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली. तोवर वाफेच्या गाड्यांसाठी केलेला जुना कायदा मोटारींना लागू होता: गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार. मोटारवाल्यांच्या रेट्यापुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो शिथिल झाला आणि मोटारी सुटल्या. ब्रिटनने देशभरातले रस्त्यावरचे मृत्यू पहिल्यांदा पद्धतशीर मोजले ते १९२६ साली. संख्या भरली ४,८८६.

मग १९३० मध्ये एक अजब गोष्ट झाली. मोटारींवर मधल्या काळात घातलेली ताशी २० मैलांची मर्यादा सरकारने उठवूनच टाकली. कारण काय, तर ती कुणी पाळत नाही, आणि न पाळला जाणारा कायदा पुस्तकात ठेवल्याने कायद्याची अब्रू जाते! आपल्याकडे आजही हा युक्तिवाद चांगला चालतो. त्याच कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला, म्हणजे माणूस मेल्यावर भरपाई मिळायची सोय झाली. तो मरू नये याची सोय नंतर कधीतरी. १९३४ साली ७,३४३ माणसं मेली आणि दोन लाखांवर जखमी झाली.

त्या वर्षी लेस्ली होअर-बेलिशा परिवहनमंत्री झाले. उत्साही गृहस्थ, वर्तमानपत्रांत नाव यायची हौस दांडगी. कॅम्डेन टाउनमध्ये रस्ता ओलांडताना एका भरधाव गाडीखाली ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी पादचाऱ्यांच्या ओलांडण्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब रोवले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नारिंगी काचेचा गोळा बसवला. लोकांनी त्यांना ‘बेलिशा बीकन’ म्हणायला सुरुवात केली. पोरांना तर आयतंच निशाण मिळालं. दगड मारून इतके गोळे फुटले की पुढे काच सोडून धातूचे गोळे बसवावे लागले. १९३५च्या मार्चमध्ये वस्तीतली ३० मैलांची मर्यादा लागू झाली आणि जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली, फी साडेसात शिलिंग. त्या वर्षीचे मृत्यू ६,५०२. एका वर्षात आठशेहून जास्त माणसं वाचली. गाड्या मात्र कमी झालेल्या नव्हत्या, उलट वाढल्याच होत्या. हिशेब तेव्हाच लक्षात यायला हरकत नव्हती.

पण मध्ये महायुद्ध आलं, आणि त्याने एक प्रयोगच करून दाखवला.

१ सप्टेंबर १९३९ला ब्रिटनभर ब्लॅकआउट सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं. टॉर्च वापरायची मुभा होती, पण तिच्या काचेवर पातळ कागद लावून, तोंड जमिनीकडे करून. त्यातही बॅटऱ्या बाजारातून गायब. फूटपाथच्या कडा, झाडांचे बुंधे, दिव्याचे खांब पांढऱ्या रंगाने रंगवले गेले. रात्री बाहेर पडणाऱ्या पुरुषांनी शर्टाचं मागचं टोक पँटबाहेर सोडावं, म्हणजे चालकाला काहीतरी पांढरं दिसेल, असा सल्ला दिला जाई. मोकाट फिरणाऱ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे ओढणारे शेतकरीही निघाले. लंडनवर अजून एकही बॉम्ब पडला नव्हता, पण त्या सप्टेंबरमध्ये अकराशेवर माणसं रस्त्यावर मेली. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. राजाचे शल्यविशारद विल्फ्रेड ट्रॉटर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उपरोधाने लिहिलं की जर्मन हवाई दल एकही विमान न उडवता महिन्याला सहाशे ब्रिटिशांचे प्राण घेत आहे.

१९४० साली संख्या ८,६०९ झाली, १९४१ साली ९,१६९. ब्रिटनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आकडा आणि तो आजवर मागे पडलेला नाही. पेट्रोलचं रेशनिंग चालू होतं, खाजगी गाड्या घरोघरी झाकून ठेवलेल्या होत्या, म्हणजे रस्त्यावर गाड्या कमी आणि मृत्यू जास्त. एका पिढीतली माणसं रातोरात बेशिस्त झाली नव्हती. त्यांना दिसत नव्हतं, एवढंच. ऑक्टोबर १९४० ते मे १९४१ या काळात ब्रिटनचे परिवहनमंत्री कोण होते? कर्नल मूर-ब्रॅबझन. काळोख काही त्यांनी आणला नव्हता. पण कोंबड्यांचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमकं हेच खातं आणि हीच वर्षं यावीत, यात नियतीचा खवचटपणा आहे.

याच काळोखाने एका साध्या शोधाला मात्र दिवस दाखवले. हॅलिफॅक्सजवळच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये रस्त्याच्या मधोमध बसवायच्या ‘कॅट्स आय’चं पेटंट घेतलं होतं. लोखंडी चौकटीत रबराचा ठोकळा, त्यात काचेचे मणी. गाडीच्या दिव्याचा प्रकाश पडला की मणी चमकतात, चाक वरून गेलं की रबर दबतं आणि काचा आपोआप पुसल्या जातात. सरकारला आधी त्याचं फारसं कौतुक नव्हतं. ब्लॅकआउटमध्ये त्याची खरी किंमत कळली.

दुसरा धागा मोटारसायकलींचा. १३ मे १९३५ रोजी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. युद्ध सुरू झाल्यावर लष्करी निरोप्ये काळोखात मोटारसायकली हाकू लागले, आणि केर्न्सनी मोजदाद सुरू केली. त्यांचा निबंध १९४१च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. हेल्मेट घालून डोक्याला इजा झालेले स्वार केर्न्सना जेमतेम सात आढळले आणि सातही जिवंत होते. सात हा आकडा लहान, केर्न्सही सावध माणूस. त्यांनी अवाच्या सवा दावे केले नाहीत. पण लष्कराला तेवढं पुरलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं झालं.

आणि नागरिकांना? १ जून १९७३ला. मधली बत्तीस वर्षं केर्न्सचा निबंध ग्रंथालयात होता. केर्न्स स्वतः १९५२ मध्ये वारले. कायदा आला तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा काढून विरोध करणाऱ्यांत इनॉक पॉवेल यांच्यासारखे नामांकित खासदार होते. डोकं माझं आहे, ते फोडून घ्यायचा हक्कही माझा आहे, हे त्याचं सार. पुण्यातल्या हेल्मेटसक्तीविरोधी सभांना हजेरी लावलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पगडीधारी शिखांना मात्र १९७६ मध्ये वेगळा कायदा करून सूट मिळाली.

युद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, रूबेन स्मीड नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने एक समीकरण मांडलं. हे स्मीड युद्धात हवाई दलाच्या बॉम्बर कमांडसाठी आकडेमोड करत आणि आता रस्ते संशोधन प्रयोगशाळेत होते. १९३८ सालचे वीस देशांचे आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की लोकसंख्या आणि वाहनांची संख्या एवढं माहीत असलं तर त्या देशात रस्त्यावर किती माणसं मरतील, हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. देशात गाड्या वाढत जातात तशी दर गाडीमागे होणारी जीवहानी कमी होते, पण एकूण आकडा चढतच राहतो. कायदे वेगळे, रस्ते वेगळे, स्वभाव वेगळे, तरी सगळे देश एकाच वक्ररेषेवर! समाज किती मरणं सहन करतो यावर आकडा ठरतो, असं स्मीड यांचं मत होतं. सहनशक्तीच्या पलीकडे आकडा गेला की लोक काहीतरी करतात, अलीकडे आला की ढिले पडतात.

समीकरण देखणं होतं, आणि गैरवापराला सोयीचंही. मूर-ब्रॅबझन जे कोंबड्यांच्या भाषेत बोलले होते, ते आता गणिताच्या भाषेत म्हणता येऊ लागलं. विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना तर हा ‘नियम’ फारच आवडला. गाड्या वाढताहेत, मृत्यू वाढणारच, सगळीकडे असंच झालं. आपण पुरेसे श्रीमंत झालो की आपोआप उतरेल.

ब्रिटनमध्ये आकडा चढत राहिलाच. १९४८ मध्ये साडेचार हजारांपर्यंत खाली आलेले मृत्यू १९६६ मध्ये ७,९८५ झाले, शांततेच्या काळातला उच्चांक. मधल्या काळात झेब्रा क्रॉसिंग आलं, मोटारवे आले, जुन्या गाड्यांची वार्षिक तपासणी आली. ते सगळं चांगलंच, पण आकडा वळला नाही.

मग बार्बरा कॅसल आल्या. डिसेंबर १९६५ मध्ये पंतप्रधान विल्सन यांनी त्यांना परिवहनमंत्री केलं तेव्हा त्यांच्याकडे गाडी चालवायचं लायसन्सही नव्हतं. लाल केसांची, तिखट जिभेची मजूर पक्षाची बाई. त्यांनी हात घातला तो थेट इंग्रजांच्या पबमध्ये. रक्तातल्या दारूचं प्रमाण १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, मग तुम्ही झोकांड्या खात असा नाहीतर ताठ उभे असा. त्याआधी चालक प्यालेला आहे की नाही हे ठरवायला पोलिस ठाण्यातला डॉक्टर त्याला सरळ रेषेवर चालायला लावी, अवघड शब्द उच्चारायला लावी. आणि ज्यूरीत बसणारे सगळे स्वतः कधीतरी दोन पेग मारून घरी गाडी घेऊन गेलेले. शिक्षा होणार कुणाला?

९ ऑक्टोबर १९६७पासून पोलिसांच्या हातात नवं उपकरण आलं. जर्मन बनावटीची काचेची नळी, आत पिवळे स्फटिक, टोकाला प्लॅस्टिकची पिशवी. चालकाने फुंकर मारून पिशवी भरायची. स्फटिक हिरवे पडत पडत नळीवरच्या खुणेपलीकडे गेले की रवानगी ठाण्यावर. विलक्षण लोकशाही वस्तू होती ती. लॉर्डसाहेबाची फुंकर आणि गवंड्याची फुंकर तिला सारखीच.

ओरड काय वर्णावी. पबमालकांनी धंदा बुडाल्याची बोंब मारली. कॅसलबाईंना जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं आली. तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला गाडी चालवता येत नाही, तुम्हाला यातलं काय कळतं, असं रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांना तोंडावर विचारलं गेलं. वाटेल तेव्हा वाटेल त्या गाडीची तपासणी करायचा मूळ विधेयकातला अधिकार विरोधामुळे आधीच गाळावा लागला होता. तरीही पहिल्या बारा महिन्यांत अकराशेच्या वर मृत्यू कमी झाले; रात्रीच्या, पब सुटण्याच्या वेळच्या मृत्यूंतली घट तर डोळ्यांत भरणारी होती. इंग्रज माणूस त्या वर्षात काही सात्त्विक झाला नव्हता. पकडले जाऊ अशी धास्ती त्याला बसली होती. पण पोलिस फारशा नळ्या काढत नाहीत असं हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, धाक ओसरला आणि १९७२ मध्ये आकडा पुन्हा ७,७६३वर गेला. कायदा छापून होतं ते तेवढंच, पुढचं काम नाक्यावर उभ्या राहणाऱ्या शिपायाचं असतं.

सीटबेल्टची लढाई लांबलचक आणि कंटाळवाणी झाली. १९६७पासून नव्या गाड्यांत पुढच्या जागांना पट्टे होते, पण लावायचे कुणी? सक्तीची विधेयकं सत्तरच्या दशकात पुनःपुन्हा बारगळली. ३१ जानेवारी १९८३ला सक्ती आली तेव्हा चाळीसेक टक्क्यांवर असलेला वापर पाहता पाहता नव्वदच्या वर गेला. पट्टा लावलेला चालक निर्धास्त होऊन जास्त बेफाम चालवेल आणि मार पादचाऱ्यांवर जाईल, असा इशारा लंडनचे भूगोलाचे प्राध्यापक जॉन ॲडम्स यांनी दिला होता. त्यांच्या शंकेवर वाद बरीच वर्षं रंगला, पण आकडा उतरत राहिला. १९८३ साली ५,४४५, २००० साली ३,४०९, २०१३ साली १,७१३. गाड्या या काळात भराभर वाढत होत्या. स्मीड यांच्या वक्ररेषेवरून ब्रिटन कधीच खाली उतरलं होतं.

या यशाला एक डागही आहे. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेल्या पाहणीत दिसलं की १९७१ साली इंग्लंडमधली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात; १९९० साली ९ टक्के. मुलांचे मृत्यू घटले त्यात रस्ते सुरक्षित झाल्याचा वाटा किती आणि मुलं रस्त्यावरून नाहीशी झाल्याचा किती, हा प्रश्न हिलमन यांनी उभा केला. पोरं घरात कोंडली की आकडा सुधारतोच. मोटारीला जागा करून देण्यासाठी बालपणाने माघार घेतली, आणि सरकारने ती आपल्या खात्यावर जमा दाखवली.

आता आपल्याकडे. १९७० साली भारतात रस्त्यावर सुमारे साडेचौदा हजार माणसं मेली, ब्रिटनमध्ये साडेसात हजार. म्हणजे आपण त्यांच्या दुप्पट. २०२२ साली भारतात १,६८,४९१ आणि ब्रिटनमध्ये सतराशेच्या आसपास. म्हणजे जवळजवळ शंभरपट. आपली लोकसंख्या त्यांच्या एकवीस-बावीस पट आहे, हे धरलं तरी फरक साडेचार पटींच्या आसपास उरतो.

आपल्याकडे कायदे नाहीत असंही नाही. दारूची आपली मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, कॅसलबाईंच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कडक. हेल्मेटची तरतूद १९८८च्या मोटार वाहन कायद्यात आहे. २०१४ मध्ये दिल्लीत गोपीनाथ मुंडे आणि २०२२ मध्ये पालघरमध्ये सायरस मिस्त्री मोटारीच्या मागच्या जागेवर बसलेले असताना गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे मागच्या सीटबेल्टची चर्चा झाली. २०२२ साली हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं देशात मेली, आणि त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात रस्त्यावर १५,२२४. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह किंवा महिना येतो, शाळकरी मुलांच्या हातात फलक देऊन फेरी निघते, वाहनचालकांना गुलाबाची फुलं दिली जातात. जनजागृती झाली की सगळं मार्गी लागेल, या समजुतीचं ते वार्षिक उद्यापन.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली. त्या सुमारास एका स्वयंसेवी संस्थेने रस्ते विकास महामंडळ आणि पोलिसांना बरोबर घेऊन ९४ किलोमीटरच्या त्या रस्त्यावरच्या प्रत्येक अपघाताची जागा तपासायला घेतली. गाडी कशावर आदळली, कठडा कुठे तुटका होता, कडेचा खांब उघडा का होता, रुग्णवाहिका किती वेळात आली, असे प्रश्न. कठडे दुरुस्त केले, उघडी लोखंडी टोकं झाकली, खुणा वाढवल्या, पोलिसांची गस्त वाढवली. पुढच्या सात वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. बोरघाट तोच आहे, आणि घाई करणारे चालकही तेच आहेत.